जुन्या जीपचा पत्रा : बदलावा कुठे, जपावा कुठे?

वाड्याच्या मागे कडब्याच्या गंजीला टेकून उभी असलेली जुनी जीप हे आपल्या खेड्यांतले नेहमीचे दृश्य. कधी काळी याच गाडीने बाजार समितीत कांदा पोचवला, रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला तालुक्याला नेले, लग्नात नवरदेव मिरवला आणि निवडणुकीत भोंगे वाहिले. तिच्याच बहिणी पश्चिम महाराष्ट्रात वडापला धावल्या आणि मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी म्हणून ओळखल्या गेल्या. आज तिचे इंजिन चावी फिरवली की सुरू होते, गिअर पडतात, ब्रेक लागतो. पण पत्रा बघवत नाही. मडगार्डला भोके पडलेली, बॉनेटच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, आणि पायाखालच्या तळातून खालचा रस्ता दिसतो!

अशा वेळी घरात दोन तट पडतात. म्हातारा म्हणतो, ‘‘दुरुस्त करून घे, जुनं लोखंड आहे.’’ पोरगा म्हणतो, ‘‘भंगारात घाला हे डबडं.’’ खरे तर दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते. कोणता पत्रा बदलण्याजोगा, कोणता दुरुस्त करण्याजोगा आणि कोठे हात टेकायचे, याचा हिशेब मांडला तर हा वाद आपोआप मिटतो. अडचण अशी, की इंजिनाची जेवढी चौकशी होते तेवढी पत्र्याची होत नाही. रंग मारला की झाले, अशी समजूत. म्हणूनच जुनी गाडी विकत घेणारा आणि जुनी गाडी सुधारून घेणारा, दोघेही याच ठिकाणी फसतात.

सपाट पत्र्याची करामत

जीप आपल्या खेड्यात एवढी रुजली, त्यामागे तिच्या ताकदीइतकाच तिच्या साध्या पत्र्याचा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. लढाईत गाडी मोडली तर जागेवर दुरुस्त व्हावी, म्हणून तिची मांडणी सुटसुटीत. मडगार्ड वरून सपाट, बाजू सरळ, वळणे मोजकी. काच आडवी पाडता येते, बॉनेट दोन कड्या काढल्या की उघडते आणि मडगार्ड बोल्ट सोडले की हातात येते.

युद्धानंतर १९४८ मध्ये विलिस कंपनीने शौकिनांसाठी ‘जीपस्टर’ नावाची उघडी, ऐटदार गाडी काढली. ब्रुक्स स्टीव्हन्स हा तिचा रेखाकार. गाडी मिरवण्यासाठी, पण मडगार्ड मात्र जीपसारखेच सपाट! कारण पत्र्याला खोल गोलाई देणारे मोठे दाबयंत्र कंपनीच्या हाताशी नव्हते. जे यंत्र होते त्यावर उथळ घाटाचाच पत्रा निघत होता.

जे अमेरिकेतल्या कारखान्याला सोपे पडले, तेच पुढे आपल्याकडच्या मिस्त्र्याला सोपे पडले. १९४७ मध्ये महिंद्रने विलिस जीप भारतात आणली आणि नंतर ती येथेच बनू लागली. ‘सीजे-३बी’ हे उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले, पण आपल्याकडे त्यानंतरही अनेक वर्षे बनत राहिले. गोल अंगाच्या मोटारीचा फेंडर हाताने घडवणे म्हणजे मोठ्या कसबाचे काम. जीपच्या मडगार्डला मात्र पत्रा, हातोडी, ऐरण, वाकवायला दोन अँगल आणि गॅसची नळी एवढ्यावर भागते. कुऱ्हाडीला धार लावणारा लोहार आणि पत्र्याच्या पेट्या करणारा कारागीर जीपला हात घालू शकला, तो यामुळे.

गंज येतो आतून

पत्रा बाहेरून सडतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो आतून आणि खालून सडतो. जिथे चिखल साठतो, पाणी अडते आणि वारा लागत नाही, तिथे गंज घर करतो. पुढच्या चाकामागची जागा, पायाखालचा तळ, दोन पत्र्यांचा सांधा, काचेच्या चौकटीची खालची पट्टी आणि बॉडी चासीवर जिथे बोल्टने बसते ती ठाणी, या पाच जागा आधी बघाव्यात.

विलिस घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये तेलाची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. टाकीखालच्या खळग्यात धूळ आणि पाणी जमते. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले छिद्र चिखलाने बुजले, की तो खळगा म्हणजे पाण्याचा हौदच! युद्धकाळातल्या जीपच्या तळाखाली टोपीच्या आकाराचे आधार-चॅनल असत आणि त्यांत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. लाकूड पाणी शोषून धरी आणि लोखंड आतल्या आत कुजे. अमेरिकेतही या जुन्या जीप सुधारणाऱ्यांना ही डोकेदुखी चांगलीच परिचयाची आहे.

आपल्याकडे यात शेतीची भर पडते. मागच्या भागात खताच्या पोत्यांची ने-आण होते. पोते फाटते, दाणे सांदीत पडतात. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, तर पोटॅशच्या खतात क्लोराइड असते आणि ते लोखंडाचे हाडवैरी. दुधाच्या कॅनमधून सांडलेले दूध आंबते आणि त्याचेही आम्ल होते. वर रबराचा पट्टा अंथरलेला असल्याने खाली काय चालले आहे ते वर्षानुवर्षे दिसत नाही. कोकणात यावर खारा वारा. गोठ्यात गाडी उभी करण्याची सवय तर फारच वाईट. गोमूत्राचा ओलावा आणि टपावर बसणाऱ्या कोंबड्यांची विष्ठा, दोन्ही रंग खातात.

उपाय महागाचा नाही. खत वाहिले की त्याच दिवशी तळ धुवावा आणि उन्हात वाळवावा. रबर महिन्या-दोन महिन्यांनी उचलून पाहावे. पाणी जाण्याची छिद्रे तारेने मोकळी ठेवावीत. बरेच जण तळाला जळके ऑइल फासतात. त्याने काही दिवस गंज थांबतो खरा, पण धूळ चिकटून थर साठतो, रबराच्या नळ्या-बुशा फुगतात आणि तेल टपकून जमीनही नासते. त्यापेक्षा तळ खरवडून, प्राइमर देऊन, डांबरी अंडरकोटिंग केलेले बरे. ते करतानाही छिद्रे बुजू देऊ नयेत, नाही तर रोगापेक्षा औषध भारी!

रंगाखाली काय दडले आहे?

जुनी जीप विकत घेताना रंगावर भाळू नका. सडलेला पत्रा कापून नवा घालण्याऐवजी भोकावर जाळी किंवा कापड चिकटवून त्यावर पुट्टी, म्हणजे रंगाऱ्यांच्या बोलीत लांबी, भरून सपाट केले जाते. वर रंगाचे दोन हात मारले की गाडी नवरीसारखी दिसते. पहिला पावसाळा लागला की फुगवटे येतात आणि पापुद्रे सुटू लागतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. एक लहान लोहचुंबक घ्या, त्याला मऊ कापड गुंडाळा म्हणजे रंगाला चरा पडणार नाही, आणि मडगार्ड, दाराची बाजू, तळाच्या कडा यांवरून फिरवा. पत्रा असेल तिथे चुंबक ओढ घेईल. जाड पुट्टी असेल तिथे सुटेल. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पत्रा ‘टण्’ वाजतो, पुट्टी ‘बद्द’ वाजते. मग खाली वाका. अंगावरचे कपडे मळतील म्हणून खाली न वाकणाऱ्या माणसाने जुनी गाडी घेऊच नये! मालकाची परवानगी घेऊन पेचकसाचे टोक तळाला आणि चासीच्या कडांना दाबून बघा. खपली निघून टोक आत गेले तर तिथे लोखंड उरलेले नाही, गंजाचा भुगा आहे.

इथेच पहिला निर्णय होतो. बॉनेट, मडगार्ड, फाळका, पायदान, काचेची चौकट हे बाहेरचे पत्रे खराब असतील तर घाबरू नये, ते बदलता येतात. तळ आणि त्याखालचे आधार सडले असतील तर काम मोठे, पण होण्याजोगे. चासीच पोखरली असेल तर मात्र मोह सोडावा. घराचा पायाच खचल्यावर भिंतींना गिलावा करून काय उपयोग?

तयार पत्रा की घडवलेला?

बाहेरचे पत्रे मिळण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, भंगारातल्या दुसऱ्या जीपचा मूळ पत्रा. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा मोठ्या शहरांच्या भंगारगल्लीत तो शोधावा लागतो. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातले मंडी डबवाली हे गाव तर लष्कराच्या लिलावातले भाग जोडून उघड्या जीप बांधण्यासाठी देशभर नावाजले. मूळ पत्रा मापात बसतो हा त्याचा मोठा गुण. दोष एवढाच, की तोही आपल्या पत्र्याच्याच वयाचा असतो. म्हणून चुंबकाची परीक्षा त्यालाही लावावी.

दुसरा मार्ग, बाजारात नवा मिळणारा तयार पत्रा. तो स्वस्त आणि लगेच मिळतो. पण सर्व तयार पत्रे सारखे नसतात. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे बरेच जण गोंधळतात, कारण आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे सुमारे ०.९ आणि २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. जुन्या मडगार्डवर माणूस उभा राहून पोते उतरवत असे. पातळ पत्र्याच्या मडगार्डवर उभे राहाल तर पोचा पडेल, आणि डिझेल इंजिनाच्या थरथरीने बोल्टाच्या भोवती चीर जाईल. म्हणून दुकानात जाताना आपल्या गाडीचा जुना तुकडा, न गंजलेल्या जागेचा, बरोबर न्यावा आणि व्हर्नियरने दोन्हींची जाडी ताडून पाहावी. मॉडेलही नीट सांगावे. नुसते ‘जीपची बॉनेट द्या’ म्हणून भागत नाही. सीजे-३बीची उंच बॉनेट दुसऱ्या मॉडेलवर बसत नाही.

तिसरा मार्ग, गावच्या किंवा तालुक्याच्या मिस्त्र्याकडून घडवून घेणे. मिस्त्री चांगला असेल तर हा मार्ग उत्तम. जुना पत्रा खोलून त्याचा जाड पुठ्ठ्यावर नमुना घ्यावा आणि तो जपून ठेवावा. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंचे नमुने वेगळे घ्यावेत, कारण चाळीस वर्षे ठोकरा खाल्लेल्या गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या राहिलेल्या नसतात.

बाहेरदेशी यावर मोठे धंदे उभे आहेत. फिलिपाइन्समध्ये एम. डी. जुआन ही कंपनी युद्धकाळातल्या जीपच्या अख्ख्या बॉड्या नव्याने बनवते आणि त्या जगभर जातात. इंग्लंडमध्ये एमजीबी नावाची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात बनली. कारखाना बंद झाला, पण तिचे मूळ साचे जपले गेले. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने त्याच साच्यांवर नव्या बॉड्या काढायला सुरुवात केली. ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी गावात हे काम चालते. त्यामुळे तिथला मालक चाळीस-पन्नास वर्षांची मोटार मूळ मापाच्या पत्र्याने सजवू शकतो. त्या गोलाकार मोटारीला साच्याशिवाय गत्यंतर नव्हते. आपल्या जीपचा साचा म्हणजे मिस्त्र्याचा पुठ्ठ्याचा नमुना. तो फाडून चुलीत घालू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

फायबरचा मोह

अलीकडे फायबरच्या बॉनेट आणि मडगार्डचीही चलती आहे. फायबरला गंज लागत नाही, वजन कमी आणि दिसायलाही झकास. शहरात फिरणाऱ्या हौशी माणसाला ते ठीक. पण शेतरस्त्यावर धक्के खाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, बोल्ट थेट आवळला तर फायबरला तडा जातो. म्हणून रुंद वॉशर आणि रबर घालावे. दुसरी गोष्ट वायरमनही कधी कधी विसरतो. लोखंडी बॉडीच्या गाडीत दिव्याची एक वायर बॅटरीकडून येते आणि परतीचा रस्ता पत्राच असतो, त्यालाच आपण अर्थिंग म्हणतो. फायबरमधून वीज परत जात नाही. त्यामुळे फायबरच्या मडगार्डवर बसवलेल्या साइड दिव्याला किंवा इंडिकेटरला अर्थिंगची वेगळी वायर चासीपर्यंत द्यावी लागते. नाही तर नवे मडगार्ड बसते आणि दिवा लागत नाही. मग दोष बिचाऱ्या बॅटरीला!

टेकू दिल्याशिवाय कापू नका

जुन्या घराची भिंत पाडताना आपण आधी आढ्याला टेकू देतो. जीपचा तळ कापतानाही तसेच. सडलेला तळ एकदम कापून काढला तर बॉडी पिळते, बाजू उमलतात आणि मग नवा पत्रा काही केल्या बसत नाही. कापण्याआधी दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या अँगलच्या पट्ट्या आडव्या-तिरक्या जोडाव्यात. एक बाजू कापावी, ती जोडून व्हावी, मग दुसरीकडे वळावे. तिरक्या मापाने, म्हणजे पुढचा उजवा कोपरा ते मागचा डावा आणि उलट, अशी दोन मापे घ्यावीत. दोन्ही सारखी आली तर बॉडी सरळ आहे असे समजावे.

वेल्डिंग करताना घाई नको. सपाट पत्र्यावर एका दमात लांब टाका घातला तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा होतो. थोडा टाका इकडे, थोडा तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचे, ही रीत. गॅसपेक्षा सीओटू वेल्डिंगने पत्रा कमी तापतो, त्यामुळे कमी वाकतो. सांध्यात आत प्राइमर आणि वरून सीलर भरले नाही तर नवा सांधा जुन्याच वाटेने जातो.

आणि हे कोणीही हसण्यावारी नेऊ नये : टाकी आसनाखाली असलेल्या गाडीच्या तळाला वेल्डिंग करायचे तर आधी टाकी उतरवून लांब ठेवावी. ‘रिकामी आहे हो’ म्हणून जागेवर ठेवू नये. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक, पेट्रोलच्या टाकीत तर विशेषच. बॅटरीची वायर काढावी. गंज लागू नये म्हणून काही जण जस्ताचा, म्हणजे जीआय पत्रा वापरतात. त्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. जोडाच्या जागेचा जस्ताचा थर आधी घासून काढावा आणि काम उघड्या हवेत करावे.

नवे पत्रे रंगवण्याआधी एकदा कोरेच बसवून पाहावेत. सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, फटी दोन्हीकडे सारख्या करायच्या, मगच आवळायचे. भोक जुळत नाही म्हणून रंगानंतर ड्रिल मारले तर त्या उघड्या कडेपासूनच नवा गंज सुरू होतो. मोसमही पाहावा. पावसाळी दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो आणि पत्र्यावर ओल राहते. आपल्याकडे गाडी नेमकी मृग लागायच्या वेळी गॅरेजला जाते. खरे तर दिवाळी ते शिमगा हा पत्र्याच्या आणि रंगाच्या कामाचा काळ.

जाळी आणि आरसी बुक

बाहेरचा पत्रा म्हणजे गाडीचा चेहरा. चेहऱ्यावरून किती मोठी भांडणे होतात याचे उदाहरण महिंद्रचेच आहे. २०१८ मध्ये कंपनीने अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची शेतात आणि आडरानात वापरायची जीपवजा गाडी आणली. तिथल्या जीप कंपनीच्या मालकांनी त्याच वर्षी तक्रार केली, की हे रूप आमच्या जीपचे आहे. अमेरिकी व्यापार आयोगाने जून २०२० मध्ये त्या रूपाच्या रॉक्सरविरुद्ध आदेश दिला. कंपनीने समोरची जाळी आणि तोंडवळा बदलला आणि डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने नव्या रूपाला हरकत नसल्याचा निर्वाळा दिला. समोरच्या पत्र्यातल्या चार उभ्या फटींचे मोल एवढे असते!

आपल्या शेतकऱ्याला एवढ्या मोठ्या खटल्याची भीती नाही, पण आरटीओची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

याचा साधा अर्थ असा. सडलेल्या मडगार्डच्या जागी तशाच घाटाचे मडगार्ड बसवणे ही दुरुस्ती. बॉडी लांबवून आठ माणसांची आसने करणे, छत कायमचे कापून टाकणे, मडगार्ड रुंद करून ट्रॅक्टरसारखी चाके बसवणे हा बदल. पहिल्याला कोणी अडवत नाही, दुसऱ्यात मालक अडकतो. रंग आणि बॉडीचा प्रकार आरसी बुकात लिहिलेला असतो. म्हणून पांढरी जीप लाल करायची असेल तर आधी कार्यालयात विचारून नोंद करून घ्यावी. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवलेल्या जुन्या जीप खेडोपाडी आहेत. गाडी विकत घेताना त्या बदलाची नोंद आहे का, हे आवर्जून पाहावे. पुढे लावायच्या लोखंडी गजांच्या गार्डविरुद्धही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. धडक बसली तर त्या गार्डने पायी चालणाऱ्याला जबर मार लागतो.

सर्वांत महत्त्वाचे : चासी नंबर ठोकलेली जागा आणि कंपनीची पट्टी यांना कटर, ग्राइंडर, पुट्टी काहीही लागू देऊ नका. पत्रा नवा मिळतो, नंबर नवा मिळत नाही. काम सुरू होण्याआधी नंबरचे, पट्टीचे आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत आणि पत्र्याची पावती जपावी. कोणी विचारलेच तर काय होते आणि काय बदलले, हे दाखवता येते.

खर्चाचा हिशेब आधी मांडा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हे शुल्क मोटारीसाठी पूर्वी सहाशे रुपये होते. ते १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी दहा हजार ठरले. म्हणून पत्र्यावर पैसा घालण्याआधी कागदपत्रे चालू आहेत का, पासिंग होणार का, हे पाहावे. पत्रा सोन्याचा केला आणि कागद मेलेले निघाले, असे होऊ नये.

गाडी पन्नास वर्षांवरची असेल, मूळ रूपात असेल आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. पण मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. खत आणि दूध वाहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. मात्र मूळ जाळी, मूळ बॉनेट, मूळ फाळका यांची किंमत या नियमाने वाढली आहे. जुना पत्रा किलोवर भंगारात देताना दोनदा विचार करा.

आणि चासीच गेली असेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी द्यावी. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला दिली तर ना प्रमाणपत्र, ना नोंदणी रद्द, आणि उद्या तिच्या नंबरावर कोणी काही उद्योग केला तर पोलिस मात्र आपल्या दारात.

कसबी हात टिकावेत

एक गोष्ट राहून राहून जाणवते. नवीन मोटारींना पोचा आला की कंपनीच्या गॅरेजात अख्खा पत्राच बदलतात. त्यामुळे हातोडी आणि ठोकळा घेऊन पत्र्याची लाट बसवणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत. या कसबाला शिक्षणाची जोड आहे. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा अभ्यासक्रम आहे आणि मोटारीच्या बॉडी दुरुस्तीचाही आहे. लोहारकाम करणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. पत्र्याचे काम येणाऱ्या माणसाला जीप संपल्या तरी काम संपत नाही. ट्रॅक्टरचे मडगार्ड आहे, ट्रॉलीचा फाळका आहे, मळणी यंत्राचे आच्छादन आहे.

मात्र त्या मिस्त्र्याला कामाचा योग्य दाम द्यायला हवा. ‘पुट्टी मारून भागव’ असे गिऱ्हाइकच म्हणते आणि पुढच्या पावसाळ्यात मिस्त्र्याला शिव्या देते, हे काही बरे नाही. चार ठिकाणी पुट्टी थापण्यापेक्षा या वर्षी नुसते मडगार्ड आणि पुढच्या वर्षी तळ, असे बेताबेताने काम केले तर खिशालाही झेपते आणि गाडीही टिकते. सुरुवात मात्र तळापासून पाहून करावी. रबर उचला, चुंबक फिरवा, छिद्रे मोकळी करा. एवढ्याला खर्च काही नाही, आणि घरातला वाद मिटवायला तेवढे पुरेसे आहे.